वाढदिवसापर्यंत धाप लागू द्यायची नाही

२० फेब्रुवारी

नवी डॉक्टर आलीय, फाम नावाची. पोरगीच आहे. माझ्या घरातली लोणच्याची बरणी तिच्यापेक्षा जुनी असेल. छातीला नळी लावून बसली ती उठेचना. इथे ऐक, तिथे ऐक. मी म्हटलं, स्टेशन लागत नसेल तर सोड बाई नाद. हसली नाही. म्हणे हृदयाच्या झडपेतून आवाज येतोय, मोठ्या हॉस्पिटलात जाऊन एको करून घ्या, लवकर. मी म्हटलं, त्र्याहत्तर वर्षांचं दार आहे, करकरणारच. तरी हसली नाही.

घरी येऊन बघते तर विम्याचा हप्ता परत वाढलाय. मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचा, नाही. सरकार आपलं जे द्यायचं ते देतं. बिलातलं जे उरतं ते भरायला दुसरी कंपनी धरलीय ना, तिचा. दरवर्षी वाढवतात, पण निदान लाजून वाढवायचे. यंदा लाज सोडली.

कंपनी बदलायची. ठरलं.

२३ फेब्रुवारी

केस सेट करायला ओक्लाहोमात गेले. माझी धाकटी बहीण ओलिटा तिकडे असते, हद्दीपलीकडे अर्ध्या तासावर. ओक्लाहोमाचे लोक फटाके आणि सिगारेटी आमच्या मिझुरीतून नेतात. मी केस, चर्च आणि बहीण तिकडची वापरते. मधे रस्त्यावर राज्याची पाटी आहे, तिच्याकडे गाईसुद्धा बघत नाहीत.

ओलिटा ड्रायरखाली बसली होती, म्हणून ओरडून बोलत होती. अख्ख्या पार्लरला कळलं. म्हणे अगं व्हर्लीन, मी जानेवारीत वाढदिवसाला कंपनी बदलली! प्लॅन तोच, कंपनी दुसरी, हप्ता कमी. कायदाच आहे. वाढदिवस झाला की काही दिवस मिळतात, तेवढ्यात कुठल्याही कंपनीला घ्यावंच लागतं. आणि काही विचारत नाहीत गं, ना साखर, ना गुडघे. बाकीच्या बायका ड्रायरसकट माना हलवत होत्या.

माझा वाढदिवस १४ मे. झालं काम.

पण ते "काही विचारत नाहीत" मला पटलं नाही. ओलिटानं तीन नवऱ्यांवर विश्वास ठेवला, तिला कंपनी म्हणजे काय जड आहे? तोंडावर विचारत नाहीत ते पाठीमागे विचारतात. डॉक्टरणीला फोन करतील. तेव्हा एको करायचा नाही, दवाखान्याची पायरी चढायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. वाढदिवसाला नवी कंपनी पदरात पडली की दुसऱ्या दिवशी एको. तेव्हा काय वाजायचं ते वाजू दे.

घाबरून नाही. हिशेबानं.

३ मार्च

धाप लागू द्यायची नाही, एवढंच सांभाळायचंय. पत्रपेटी फाटकापाशी आहे. पूर्वी जाऊन यायचे. आता जाते, थांबते, मग येते. ऐटीत, राणीसारखी. शेजारच्या आर्व्हिलनं कुंपणावरून विचारलं, एवढा वेळ पत्रपेटीपाशी काय करतेस? बायको गेल्यापासून दुसऱ्यांच्या घराकडे बघण्याशिवाय त्याला धंदा नाही. मी म्हटलं, जाहिरात वाचतेय. तो म्हणाला, पेटी तर बंद आहे. मी म्हटलं, पेटीवरचं वाचतेय. तो म्हणाला, पेटीवर तुझंच नाव आहे. मी म्हटलं, मग? विसरले नाही ना ते बघत होते.

तो घरात गेला. जिंकले.

१६ मार्च, सकाळी

केंडल मॅब्रीचा फोन. विमा विकतो. मी त्याला रविवारच्या शाळेत बायबल शिकवलंय. सात वर्षांचा असताना दानाच्या ताटलीतलं नाणं गिळलं होतं. कोणी घेतलं विचारल्यावर पोटावर हात ठेवून म्हणाला, इथे आहे. असा सरळ पोरगा विम्यात कसा गेला देव जाणे.

नेमकी ओले कपडे वाळत घालून आत आले होते. छातीचा भाता चालू होता. फोन उचलला असता तर त्याला ऐकू गेलं असतं. वाजू दिला.

त्याच दिवशी, दुपारी

परत केंडल. या वेळी रेडिओ मोठ्यानं लावून उचलला. म्हणाला, व्हर्लीनबाई, महिना संपायच्या आत ऑफिसात या, तुमच्या पॉलिसीला... मी म्हटलं, पाहुणे आलेत रे, ठेवते! पाहुणे म्हणजे रेडिओवरचा जनावरांच्या बाजाराचा लिलाव. तो म्हणाला, पाहुणे बैल विकतायत काय? मी ठेवून दिला.

मला विकायचंय त्याला काहीतरी. मे महिन्यात मीच जाईन आणि त्यालाच चकित करीन.

२९ मार्च

केंडल दारात. गाडीच ओळखली. मी कोठीत गेले आणि बटाट्याच्या पोत्यावर बसले. तो दार वाजवतोय. आर्व्हिल हरामखोर पलीकडून ओरडून सांगतोय, आहे ती घरात, पडदा हलला आत्ता! केंडल दाराच्या फटीतून बोलला, व्हर्लीनबाई, दोनच दिवस राहिलेत, मग वर्षभर हातात काही नाही, नुसती सही करायची आहे.

फर्निचरवालेसुद्धा महिनाअखेर असंच ओरडतात.

तो गेल्यावर उठता येईना. पोत्यावर बसूनच राहिले. बटाट्यांना कोंब आलेत. कोठीत अंधार होता, आणि एवढं शांत की तो आवाज मलाच ऐकू येत होता. नळीबिळी न लावता. सगळ्यांचंच वाजत असेल. लोक कोठीत बसत नाहीत म्हणून त्यांना कळत नाही.

२ एप्रिल

केंडलनं नाद सोडला. फोन नाही की गाडी नाही. मी पण काही कमी नाही.

१२ एप्रिल

रानात अळंबी आली. आर्व्हिल म्हणाला चल. नाही म्हणणार कशी? चाळीस वर्षं मी त्याच्यापेक्षा जास्त गोळा करते. ओढ्यापर्यंत गेले. तिथे ओंडक्यावर बसून म्हटलं, तू जा पुढे, खरी अळंबी बसणाऱ्यालाच दिसतात. तो टेकडीवर जाऊन पिशवी भरून आला. मला एक सापडलं, ते कुत्र्याची छत्री निघालं.

अंड्यात बुडवून, पिठात घोळून लोण्यात तळली. त्यानं त्याच्यातली अर्धी दिली आणि माझ्या पायांकडे बघत राहिला. मोज्यांच्या वर मांस आलंय, पाव फुगावा तसं. मी म्हटलं, बाईच्या पायांकडे बघायचं वय आहे का तुझं? तो लाजला नाही. म्हणाला, डॉक्टरकडे जा, व्हर्लीन. मी म्हटलं, मीठ जास्त झालंय बिस्किटांत. उद्यापासून मीठ बंद.

१३ एप्रिल

मीठ बंद केलं. डुकराचं खारवलेलं मांस मिठात धरत नाही.

२६ एप्रिल

हल्ली होबार्टच्या खुर्चीत झोपते. नवरा गेल्यापासून रिकामीच होती. पलंगावर आडवं झालं की छातीवर कोणीतरी येऊन बसतं. खुर्चीतून टीव्ही चांगला दिसतो, म्हणून तिथे. टीव्ही बंद असतो, पण लावायचा झाला तर दिसेल.

ओलिटा आली होती. म्हणाली, तुझे ओठ निळे दिसतायत. मी म्हटलं, जांभळाचा केक खाल्ला. म्हणाली, कुठे आहे केक? मी म्हटलं, खाल्ला म्हटलं ना. मग तिनं फ्रिज उघडला, ओव्हन उघडला, सिंकमधे बघितलं. फौजदारीणच व्हायची ही. लिपस्टिक आणायला हवी.

एको म्हणजे काय, जेली लावतात आणि वरून मशीन फिरवतात, असं ओलिटा सांगत होती. दुखत नाही म्हणे, नुसती तपासणी. होबार्टही नुसत्या तपासणीलाच गेला होता. बूट घालून गेला. बूट पिशवीतून परत आले.

असो. त्याचा इथे संबंध नाही. आपला विषय विमा.

९ मे

आता थोडेच दिवस. आर्व्हिल कोंबड्यांना दाणे घालून जातो. मी सांगितलं नाही, तो आपला घालतो. कोंबड्याच त्याला आवडतात, दुसरं काय.

१३ मे

केंडलच्या ऑफिसात काही विचारलंच तर म्हणून आरशासमोर सराव केला. छातीत दुखतं का? नाही. चालताना दम लागतो का? नाही. पाय सुजतात का? नाही. पहिल्या वेळी "नाही" म्हणतानाच दम लागला. मग बसून केलं. बसून छान जमतंय. लिपस्टिक चांगली आहे, पण लाल. ओलिटाच्या दुसऱ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोसारखी दिसते मी.

उद्या.

१४ मे

सगळं लिहून काढते, म्हणजे राग जाईल.

निळा ड्रेस घालून गेले. केंडलच्या ऑफिसला तीन पायऱ्या आहेत. दुसरीवर थांबून कुंड्यांचं कौतुक केलं. कुंड्यांत प्लास्टिकची फुलं होती. आत गेले, खुर्चीत बसले, म्हटलं, केंडल, आज माझा वाढदिवस. काढ नवी कंपनी.

त्यानं आधी हॅपी बर्थडे म्हटलं. मग डोळे मिटले. मग म्हणाला, व्हर्लीनबाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं? म्हटलं, ओलिटानं. म्हणाला, ओलिटाबाई ओक्लाहोमात राहतात. म्हटलं, मला माहीत आहे माझी बहीण कुठे राहते. म्हणाला, वाढदिवसाचा नियम ओक्लाहोमाचा. आपल्या मिझुरीत माणसाचा वाढदिवस चालत नाही, पॉलिसीचा चालतो. पॉलिसी ज्या तारखेला घेतली त्या तारखेच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर. तुमची घेतलीय १ मार्चला. होबार्टकाका मिलमधून रिटायर झाले तेव्हा. मार्च संपेपर्यंत तोच प्लॅन कुठल्याही कंपनीकडून मिळत होता. काही न विचारता.

मी म्हटलं, काही न विचारता म्हणजे, पाठीमागे?

म्हणाला, पुढे नाही, पाठीमागे नाही. तुम्हाला स्ट्रेचरवरून आणलं असतं तरी कंपनीला घ्यावं लागलं असतं. तेच सांगायला दोनदा फोन केला, घरी आलो. तुम्ही कुठे होतात?

बटाट्यांवर, असं म्हणवेना. म्हटलं, कामात होते.

मग म्हणाला, आताही बदलता येईल, पण तब्येतीचे प्रश्न विचारावे लागतील, आणि कंपनी नाही म्हणू शकते. मी म्हटलं, विचार! तयारीच होती. त्यानं विचारलं, मी सांगत गेले, नाही, नाही, नाही. घडाघडा. मग म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलेली पण अजून न केलेली एखादी तपासणी आहे का?

हा प्रश्न आरशात नव्हता.

तीन महिने ती तपासणी केली नाही ती कुणाला कळू नये म्हणून. आणि हे मेले विचारतात काय, तर न केलेली सांगा.

मी म्हटलं, नाही लिही. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, व्हर्लीनबाई, तुम्ही बसल्यापासून मी तुमचा श्वास मोजतोय. खोटं बोलू नये हे मला कोणी शिकवलं? मी म्हटलं, मला काय माहीत, नाणं गिळणाऱ्या पोरांना कोणीही काहीही शिकवतं. हसला, पण डोळ्यांत पाणी होतं गाढवाच्या. म्हणाला, ओलिटाबाईंच्या बोलण्यातलं जे दोन्हीकडे खरं होतं, काही विचारत नाहीत हे, ते तुम्ही मानलं नाहीत, आणि वाढदिवसाचं, जे पाटीपलीकडचं होतं, ते मानलंत.

मग हळूच म्हणाला, जुनी कंपनी आहे ना अजून. महाग आहे, पण ती पैसे देते. एको आजही करता येईल. फेब्रुवारीतही करता आला असता.

मी उठले. आज माझा वाढदिवस आहे, मला घरी केक आहे, म्हटलं.

केक नव्हता.

१५ मे

शांतपणे विचार केला. काही बिघडलेलं नाही. पुढच्या मार्चमध्ये बदलू. तेव्हा काही विचारत नाहीत, हे आता पक्कं कळलंय. मग एकदम एको. तोपर्यंत तब्येत जपायची. ठरलं.

एको लगेच करायला काही हरकत नाही, असं केंडल म्हणतो. कळतं मला. आता लपवायला कारण उरलं नाही म्हणून काय लगेच धावत जायचं?

हे वाक्य मीच लिहिलंय. परत वाचलं नाही.

२५ मे

आज डेकोरेशन, कबरी सजवायचा दिवस. दरवर्षीसारखं सगळं गाव कबरी साफ करायला टेकडीवर. कापडी फुलं, खुरपी, खाली झाडाखाली जेवणाची टेबलं. तळलेली कोंबडी, सात प्रकारचं बटाट्याचं सॅलड आणि प्रत्येकीचं डोळ्यात तेल घालून लक्ष, कोणाचं उरतंय.

होबार्ट टेकडीच्या माथ्यावर आहे. जागा त्यानंच निवडली होती. म्हणे वरून नदी दिसते. मी तेव्हाच म्हटलं होतं, तू बघणार आहेस थोडाच.

चढायला लागले. युक्ती केली. प्रत्येक कबरीपाशी थांबायचं, मान खाली घालायची, एक फूल ठेवायचं. मंडळी बघत होती. कोणीतरी म्हणालं, व्हर्लीनला सगळ्यांची किती आठवण! ज्या क्लोव्हिस बाईनं माझी पाककृती चोरून जत्रेत बक्षीस मिळवलं, तिच्या कबरीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. अश्रूच आले. ते धापेचे होते.

माथ्यावर पोचले तेव्हा फुलं संपली होती. होबार्टला काहीच उरलं नाही.

आमचा दगड दोघांचा मिळून आहे. त्याचं नाव, दोन तारखा. शेजारी माझं नाव, जन्मतारीख, एक छोटी रेघ आणि पुढे रिकामं. इतकी वर्षं मी त्यावरून त्याची थट्टा करायचे. पसरू नकोस, माझी जागा सोड म्हणायचे. आज ती रिकामी जागा बघितली. घोटून गुळगुळीत केलेली जागा. नुसतं कोरायचं बाकी. दगडाला पाठ लावून खाली बसले, म्हणजे ती दिसायला नको. खाली लोक जेवत होते. हाक मारावी तर आवाज निघेना. तोंड उघडलं की हवाच आत येईना, आणि तो छातीतला आवाज कानांत, दाराच्या मागे कोणी मूठ आपटावी तसा. वाटलं, इतके लोक समोर आहेत आणि मी इथे, आपल्याच नावाखाली, आणि सगळ्यांना वाटणार, बाई नवऱ्याजवळ बसलीय, बसू दे बिचारीला.

ओलिटाला तसं वाटलं नाही. कोंबडीची तंगडी हातात घेऊन टेकडी चढत आली. मागून आर्व्हिल. ती म्हणाली, पुरे झालं हे नाटक, ऊठ. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि तंगडी टाकून दिली. ओलिटानं खाणं टाकलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं किती झालंय ते.

आर्व्हिलनं गाडी कबरींच्या मधून वर आणली. दोन फुलदाण्या मोडल्या.

४ जून, हॉस्पिटल

एको झाला. जेली गार होती, बाकी काही नाही. झडप चिकटलीय. मांडीच्या शिरेतून नळी घालून नवी बसवणार, छाती कापायची नाही. उद्या सकाळी.

काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही कार्डं घेतली, खटखट केलं आणि म्हणाली, तुमची कंपनी भरणार बाकीचं, काळजी करू नका. ज्या कंपनीला मी तीन महिने शिव्या दिल्या तीच. केंडल येऊन गेला. म्हणाला, फेब्रुवारीत मी स्वतः न्यायला येईन, कोठीत बसलात तर कोठीतून. आर्व्हिलनं सांगितलेलं दिसतंय. मी म्हटलं, फेब्रुवारीत. बरं. तो गेल्यावर खिडकीकडे तोंड केलं. फेब्रुवारी फार लांब आहे.

मला भीती वाटते. विम्याची नाही. हप्ता वाढायच्या आधीपासून वाटत होती, ती पोरगी नळी लावून गप्प झाली तेव्हापासून. लिहिलं एकदा.

ओलिटाला सांगितलं. तिनं बूट काढले आणि माझ्या पांघरुणात शिरली, चौसष्ट सालच्या हिमवादळात शिरायची तशी, थंडगार पाय घेऊन. नर्स आली, म्हणाली, पलंगावर एकाच पेशंटला परवानगी आहे.

ओलिटा म्हणाली, मग दुसरीचं बिल ओक्लाहोमाला पाठवा.